पूजेतला स्पोक-पाना

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण आश्विनातलं ते ऊन काही पुसलं जाईना.

तिरपं ऊन, मधाळ ऊन, घाटमाथ्यावरून दरीत सांडणारं हळदपिवळं ऊन. आंबा घाटाच्या उतारांवर सोनकी फुललेली, खाली कोकण निळ्या धुक्यात निजलेलं. आणि त्या निळाईकडे उतरत चाललेली एक जुनी, कृष्णवर्णी, रुपेरी टाकीची मोटारसायकल.

पुढे निवास. मागे त्याचा दोस्त अवधूत.

गाडी निवासच्या वडिलांची. ते गेले तशी ती गोठ्यात कडब्याआड मुकी उभी. आई तेव्हापासून साखरप्याला मामाकडे. खंडेनवमीच्या सांजेला ती गाडी आईच्या दारात उभी करायची, एवढंच निवासचं स्वप्न. गाडीचं गंजलेलं मागचं चाक अवधूतनं नव्यानं विणलं होतं. कुणाकडे न शिकता, बघत बघत, चुकत चुकत.

काय असतं स्पोकचं चाक! कृश, तन्वंगी तारा. दाबलं तर वाकणाऱ्या, ओढलं तर माणसं तोलणाऱ्या. चाक तारांवर उभं नसतंच. ते ताणावर तरंगतं. एक तार दुसरीला छेदून जाते, छेदता छेदता सावरून धरते. एक सैलावली की तिचं ओझं शेजारणीच्या माथी.

आणि नव्या तारा पहिल्या फेरीत सैलावतातच. मग पुन्हा आवळायच्या असतात.

अवधूतला ठाऊक होतं. पण सकाळी गाडीची पहिली फेरी मारून तो परतला, तोवर त्याच्या आईनं सगळी हत्यारं पाटावर मांडली होती. तारा आवळायच्या पान्याला हळद, पान्याला कुंकू, पान्यावर केशरी झेंडू. आज हत्याराला हात लावायचा नसतो. आज हत्यारच देव. त्यानं चाक फिरवून पाहिलं. सरळ फिरलं. तारांमध्ये झेंडू ओवला, आणि देव पाटावरच राहिला.

पहिल्या मोठ्या वळणावर ते आलं.

टिंग.

इवलासा आवाज. बांगडी पिचावी, एवढाच. निवास वाऱ्यात तोंड उघडून गात होता. त्याला काही कळलं नाही. अवधूतनं मात्र ओळखलं, तार तुटली.

मग तुटकी तार कुठंतरी आपटायला लागली. टक्. टक्. टक्. झेंडूच्या पाकळ्या मागे उडाल्या, केशरी, केशरी, दरीत. पुन्हा टिंग. सीटखाली चाक डोललं. झोपेतल्या जनावरानं कूस बदलावी तसं डोललं.

डावीकडे कातळ. उजवीकडे काहीच नाही. फक्त निळं, निळं, खोल निळं.

ओरडावं, तर निवास दचकून मागचा ब्रेक दाबणार. त्या ब्रेकचा सगळा हिसका त्याच उरल्यासुरल्या तारांना. गप्प राहावं, तर पुढचं वळण समोर उभं. ऊन तेवढंच सुंदर. भीती एवढ्या उजेडात असते, हे त्याला तोवर माहीत नव्हतं.

त्यानं निवासच्या खांद्यावर हात ठेवला. शब्द काचेसारखे जपून ठेवले.

"भावा, मागच्या ब्रेकला पाय लावू नको. पुढचा धर. हळू."

"काय झालं रं?"

"हळू. मग सांगतो."

गाडी मंदावली, डगमगली, कठड्याशी येऊन थांबली. दरी हातभर अंतरावर श्वास घेत होती.

अवधूत गुडघ्यांवर बसला. किल्लीनं एकेक तार वाजवून पाहिली. टिंग, टिंग, थप्. थप्. टिंग. थप्. सैल तारेला सूर नसतो. हे सकाळीच ऐकता आलं असतं. तो फक्त बघत बसला होता. त्यानं सगळं सांगितलं. पाना, पाट, हळद, कुंकू.



"म्हणजे पान्याला सुट्टी," निवास म्हणाला, "आणि आमास्नी स्वर्ग व्हय?"

हसला तो.

मग गाडी ढकलत, चाकाला जपत, पायी निघाले दोघं. ऊन विझत आलं. खाली साखरप्याचे दिवे एकेक उमलू लागले, आणि त्यातल्या एका दारात एक बाई वाट बघत असणार होती. तारांतला उरलेला झेंडू हळूहळू वर येत होता, हळूहळू खाली जात होता.

"निवास," अवधूत म्हणाला, "पुढच्या नवमीला सगळी हत्यारं पुजीन. पण पाना पाटावर जायच्या आधी तुझ्या गाडीची एकेक तार वाजवीन. सगळ्या एका सुरात बोलतील, मगच देव बसंल."

टिंग, म्हणाली एक तार. थप्, म्हणाली दुसरी. आणि घाट उतरत राहिला, हळू, हळू, हळू.