बेचाळीस डोकी

बसमध्ये वेळ कसा घालवायचा हे आबांना कुणी शिकवावं, म्हणजे कमालच झाली. एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. बसमध्ये माणसं काय काय करतात ते त्यांनी उभ्याउभ्याने पाहिलेलं: झोपणारे, भांडणारे, शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रात मान खुपसणारे, चढल्यापासून उतरेपर्यंत तोंड चालू ठेवणारे. पण नऊ वर्षांच्या नातीपुढे त्यांची काही मात्रा चालेना. दहाला बस सुटली आणि अकराच्या आत भेंड्या खेळून झाल्या, लाल ट्रक मोजून झाले, पुढच्या टकल्या काकांच्या डोक्यावर माशी किती वेळ टिकते यावर पैज लावून झाली. पैज आबाच हरले.

नातीला सगळे चिमणी म्हणत. तिला तिच्या आईकडे पोचवायचं होतं. आबांची लेक बदली होऊन सहा महिने दुसऱ्या गावी एकटीच राहत होती, आता तिथे तिने घर लावलं होतं. पोरीला आणायचं काम तिने विश्वासाने बापावर टाकलं आणि फोनवर दहादा बजावलं, की तिचा हात सोडू नका. आबा थोडे घुश्श्यातच म्हणाले होते की अगं, आयुष्यभर माणसं पोचवण्याचंच काम केलं मी.

"आता काय खेळायचं?" चिमणीने विचारलं.

"डोकी मोजू या," आबा म्हणाले. "पण कंडक्टरसारखी हं. मागून पुढे मोजत जायचं, नुसती डोकी. चेहरे बघायचे नाहीत."

"का?"

"चेहरा बघितला की माणूस बोलायला लागतो आणि आकडा डोक्यातून निघून जातो."

डेपोतली सगळी कंडक्टर मंडळी अशीच मोजायची, आणि आबा त्यात तरबेज. बस सुटताना आजच्या कंडक्टरनेही तसंच मोजून बेचाळीस म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं. त्यानंतर गाडी कुठेही थांबली नव्हती. ही थेट गाडी, वाटेत एकच थांबा. आजोबा-नात मागच्या बाकावर बसली होती, म्हणजे मोजायला जागा एक नंबर. आबांनी स्वतःला आणि चिमणीला धरून मोजलं. त्रेचाळीस भरले. पुन्हा मोजलं, पुन्हा त्रेचाळीस. वय झालं बाबा तुझं, असं ते स्वतःशीच पुटपुटले.

चिमणी कसली नियम पाळतेय! ती सरळ ड्रायव्हरपर्यंत गेली आणि एकेकाच्या तोंडाकडे टकामका बघत मोजत मागे आली. बेचाळीस, म्हणाली. आबा म्हणाले एक राहिलं. ती म्हणाली छे, एकही राहिलं नाही. मग जरा विचार करून म्हणाली, "ती हिरव्या शालीतली आजी फक्त नाही मोजली."

"तिला का वगळलंस?"

"तिला चेहराच नाहीये. पुढून बघितलं तरी तिची पाठच दिसते."

हे तिने इतकं सहज सांगितलं, जणू कुणाच्या बुटाची नाडी सुटली आहे.  आबांनी मान उंचावून पाहिलं. डावीकडचा तिसरा बाक, खिडकीची जागा. हिरवी शाल आणि तिच्यावर सुपारीएवढा पांढरा अंबाडा.

तो अंबाडा आबांनी ओळखला.

बावीस वर्षांपूर्वी याच रस्त्याला, याच जागेवर एक म्हातारी बसली होती. लेकाकडे निघाली होती, शेवटच्या थांब्याला. मधल्या थांब्यावर ती नळावर पाणी प्यायला उतरली, आणि नेमका तेव्हाच शेजारच्या गाडीतला एक माणूस चुकून या गाडीत येऊन तिच्या जागेवर बसला. आबांनी डोकी मोजली. आकडा बरोबर. डबल बेल दिली. दहा मिनिटांनी त्या माणसाने आरडाओरडा केला तेव्हा सगळा घोळ कळला. मागे फिरता आलं असतं. पण गाडीला आधीच उशीर झाला होता, ड्रायव्हर कावला होता. आबा म्हणाले, "असू दे, मागच्या गाडीने येतील त्या." त्या दिवशी मागची गाडी रद्द झाली. म्हातारी नंतर कुणालाच दिसली नाही. आबांनी कागदावर लिहून दिलं, की प्रवासी स्वखुशीने उतरली. तिचा लेक चार दिवस डेपोत खेटे घालत होता. कशी दिसत होती हो, थकली होती का, काही बोलली का, एवढंच विचारायचा. आबांना काय सांगता येणार? त्यांनी तिचा फक्त अंबाडा पाहिला होता. ही गोष्ट त्यांनी पुढे बायकोलाही सांगितली नाही, लेकीला तर नाहीच.

आबांनी चिमणीला आतल्या बाजूला घेतलं आणि तिचं मनगट घट्ट धरलं. थांबा येईल तेव्हा उतरायचं नाही, पाणीबिणी काही नको, असं दरडावलं. तिने तोंड फुगवलं. डावीकडच्या त्या बाकाकडे नजर जाऊ नये म्हणून आबांनी डोळे मिटले. पहाटे चारला उठलेला माणूस तो. डोळा लागलाच.

जाग आली ती डबल बेलने. गाडी थांब्यावरून हलली होती. कंडक्टर पुढे ड्रायव्हरला सांगत होता, "बेचाळीस. आकडा बरोबर आहे." आबांच्या मुठीत मनगट तसंच होतं. खांद्यावर छोटंसं डोकं टेकलेलं होतं, अंगावर पांघरूण. आबांचा जीव भांड्यात पडला. झोपली बिचारी, म्हणून त्यांनी तिला थोपटलं.

हाताला गारठा लागला. आबांनी घरून पांघरूण आणलंच नव्हतं. त्यांनी हळूच खाली पाहिलं. शाल हिरवी होती आणि सुपारीएवढा पांढरा अंबाडा त्यांच्या खांद्यावर टेकला होता.

आबा ओरडत उठले. माझी नात राहिली, गाडी थांबवा. कंडक्टर वैतागला. म्हणाला, आजोबा, मी स्वतः मोजलं आहे, आकडा बरोबर आहे. आबांनी वरची दोरी हिसकली, तशी बस करकचून थांबली.

"आकडा नको मोजू रे," आबा म्हणाले.  "चेहरे बघ. एकेकाचा चेहरा बघ, तुझ्या पाया पडतो."

कंडक्टरने पाहिलं, आणि त्याचाही रंग उडाला. गाडी वळवून परत नेली.

नळाशेजारच्या बाकावर चिमणी बसली होती, मांडीवर भरलेली बाटली घेऊन. आबांनी तिला छातीशी धरलं. रागावायचंही त्यांना सुचलं नाही. तीच रुसून म्हणाली, "तुम्ही त्या आजीचाच हात धरून ठेवला होता. मग मी एकटीच गेले."

दोघं गाडीत चढली. कंडक्टरने मोजलं, त्रेचाळीस. परत मोजलं, त्रेचाळीस. ड्रायव्हर चावी फिरवत होता पण इंजिन नुसतं घरघर करून बंद पडत होतं. लोक कुरकुरायला लागले, एकाने धक्का मारू का म्हणून विचारलं. आबांना मात्र उमगलं. एकाला इथे राहावं लागणार होतं. बावीस वर्षांपूर्वी राहायला नको होती ती राहिली होती, आणि आज ती चिमणीची जागा घेऊन चालली होती.

ते मागच्या बाकापाशी गेले आणि त्या अंबाड्यापुढे वाकले.

"मावशी, मी तुमच्याकडे बघितलंच नाही," ते म्हणाले. "मागे फिरता येत होतं, तरी फिरलो नाही. तुम्ही बसा. शेवटच्या थांब्याला उतरा. पण माझी पोर नीट पोचू दे."

 आबांनी चिमणीला पुढच्या चष्मेवाल्या शाळेच्या बाईंच्या हवाली केलं. बाई भल्या होत्या, त्याही शेवटच्याच थांब्याच्या. आई स्टँडवर उभी असेल, वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे, असं आबांनी दोघींना सांगितलं.

"आणि तुम्ही?" चिमणीने विचारलं.

 "मागच्या गाडीने येतो," आबा म्हणाले.

ते खाली उतरले आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. गाडी निघाली तेव्हा मागच्या काचेतून हिरव्या शालीने मान वळवली. आबांना तिचा चेहरा दिसला, पहिल्यांदाच. हनुवटीवर तीळ, गाल बसलेले, घरी निघालेल्या कुठल्याही बाईसारखा थकलेला चेहरा. लेकाला सांगायला एवढं पुरलं असतं.

अर्ध्या तासाने फोन वाजला. लेक होती. चिमणी पोचली, म्हणाली, आणि तुम्ही कुठे राहिलात? आबांनी सांगितलं. "हॅलो," ती म्हणाली. "आबा? ऐकू येतंय का? हॅलो?" आबा मोठ्याने बोलले, मग ओरडले. ती हॅलो हॅलो करत राहिली आणि फोन कट झाला. चहावाला बाक पुसायला आला. फडकं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत गेला, आबा बसले होते तिथेही थांबला नाही.

दोनच्या सुमारास मागची गाडी आली. आबा चढले आणि एक रिकामी जागा बघून बसले. तेवढ्यात एक धिप्पाड माणूस आला आणि त्याच जागेवर आरामात टेकला. आबा धडपडत बाजूला झाले आणि दारात येऊन उभे राहिले. कंडक्टर तरुण होता, कामाला चोख. मागून पुढे मोजत आला, एकाही चेहऱ्याकडे न बघता, आणि आबांच्या समोरून पुढे गेला. आबांनी त्याला मास्तर म्हणून हाक मारली. मग खाली उतरून बाकावर जाऊन बसले.

आकडा बरोबर होता. कंडक्टरने दोनदा दोरी ओढली.