मोठाच दे

ओसाकातल्या एका लहानशा गेम कंपनीचे मालक ओगातासाहेब यांना भांडणं आवडत नसत. दोन माणसं हमरीतुमरीवर आली की ते शांतपणे चष्मा पुसत आणि म्हणत, "बाजाराला विचारू या." बाजार म्हणेल ते ब्रह्मवाक्य. बाजारही कधीकधी थापा मारतो, हे त्यांना सांगायला कुणी गेलं नाही.

या वेळचं भांडण शुंपेई ओरितो आणि हिरायामा या दोन पथकप्रमुखांचं होतं. शुंपेईने 'होडी आली' नावाचा गेम रचला होता. त्यात तलवारी नव्हत्या, राक्षस नव्हते. खाडीच्या अलीकडच्या माणसांना होडीतून पलीकडे पोचवायचं आणि वाटेत त्यांच्या कुरबुरी ऐकायच्या, एवढंच. शुंपेईचे वडील शिमानेच्या किनाऱ्यावर जन्मभर हेच करत आले. ते गेले आणि दोन वर्षांत खाडीवर पूल झाला. मग होडीची आठवण काढायलाही तिथे कुणाला सवड राहिली नाही.

हा गेम जन्मला होता तो खिशात मावणाऱ्या, घडी घालायच्या मशीनसाठी. दोन अनोळखी माणसं खिशात मशीन घेऊन स्टेशनात एकमेकांच्या शेजारून गेली, की आतल्या आत त्यांच्या होड्या भेटत आणि एकीतला उतारू दुसरीत जाई. संध्याकाळी घरी येऊन मशीन उघडावं, तर आपल्या होडीत कुणी परकी म्हातारी सुनेची गाऱ्हाणी सांगत बसलेली! ही गंमत जुळवून आणली होती चिनात्सुने. शुंपेईच्या पथकातली ही सगळ्यात हुशार आणि सगळ्यात तिखट जिभेची मुलगी. तिची नोकरी त्या पथकापुरतीच होती. पथक आहे तोवर ती आहे, हे तिलाही ठाऊक होतं.

हिरायामाचं म्हणणं, गेम टीव्हीला जोडायच्या मोठ्या मशीनवरच शोभेल. "पाण्यावरचं ऊन मोठ्या पडद्यावर कसं दिसतं बघा एकदा," तो म्हणाला.

"ऊन बघायला लोक समुद्रावर जातील की," चिनात्सु फाडकन म्हणाली. "टीव्हीखाली बांधून ठेवलेलं मशीन कुणाला भेटणार हिरायामासान? फ्रिजला?"

ओगातासाहेबांनी चष्मा पुसला. गेम दोन्ही मशीनवर काढायचा, खिशातला शुंपेईच्या पथकाने, टीव्हीवरचा हिरायामाच्या, पहिल्या महिन्यात ज्याचा खप जास्त त्याला पुढचा भाग, आणि दुसऱ्याचं पथक मोडायचं, असा निवाडा झाला.

गेम बाजारात यायच्या आधी शुंपेईने गावी आईला फोन केला. यासुएबाई एकट्याच राहत. बोलता बोलता तो म्हणून गेला, "आई, पहिला महिना काय तो महत्त्वाचा. लोकांनी घेतला तर तरलो, नाही तर बुडालो."

"अरे देवा. मी काही करू का रे?"

"तू काय करणार? तुला नाही कळायचं त्यातलं."

हे तो लाडाने म्हणाला. ओसाकाला आल्यापासून तो हेच म्हणत आला होता. गेम म्हणजे काय, मशीन कुठलं, त्यात आपण नेमकं काय करतो, यातलं अक्षरही त्याने आईला कधी समजावून सांगितलं नाही. तिनेही फार खोदून विचारलं नाही. एवढा शिकलेला मुलगा, त्याला कशाला त्रास द्यायचा, असं तिला वाटे.

सुरुवात तर झकास झाली. तोक्योत खिशातलं मशीन पुढे, ओसाकात पुढे, नागोयात पुढे. चिनात्सुने ऑफिसातल्या फ्रिजवर एक होडी चिकटवली आणि हिरायामाला म्हणाली, "तुमच्या गिऱ्हाइकाला भेटून आले हो." मग गावाकडचे आकडे आले आणि पथकातल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शिमाने आणि आसपासच्या किनाऱ्यावर टीव्हीच्या मशीनवरचा 'होडी आली' तुफान खपत होता. इतका, की शहरांतली सगळी आघाडी त्यात वाहून गेली.

खप मोजणारी कंपनी काही देशातलं प्रत्येक दुकान मोजत नसे. ठिकठिकाणची ठरावीक दुकानं निवडायची, त्यांचे आकडे घ्यायचे आणि त्यावरून त्या भागाचा अंदाज बांधायचा. शितावरून भाताची परीक्षा. ओगातासाहेबांचा त्या परीक्षेवर संपूर्ण विश्वास होता. "गावाकडच्या माणसाला मोठा पडदा हवा," ते म्हणाले. "खिशातलं यंत्र म्हणजे शहरी फॅड. बाजार बोलला."

"गावाकडे असं का झालं, ते तरी शोधू द्या," चिनात्सु हट्टाला पेटली. "ओरितोसान तिकडचेच आहेत."

साहेब माणूस वाईट नव्हता. ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या सुट्टीनंतर शेवटची बैठक होती. तोवर एक जरी पटण्यासारखं कारण आणलं, तर शिमानेचा आकडा बाजूला ठेवून पुन्हा विचार करू, असं त्यांनी कबूल केलं. पितरांसाठी सगळा देश गावी जायला निघाला, त्यात शुंपेईही निघाला. पितरांपेक्षा त्याच्या डोक्यात ते कारणच घोळत होतं.

गावात बस थांबते ती हामाओकाच्या दुकानासमोर. मासेमारीचे गळ, फटाके, फुलपाखरं धरायच्या जाळ्या आणि कोपऱ्यात गेम, असं ते दुकान. गेम बनवणाऱ्याने दुकानात जाऊन मालकाचे आभार मानावेत, हा या धंद्यातला रिवाज. शुंपेई आत शिरला आणि कमरेत वाकला. हामाओकाने त्याला वर येऊच दिलं नाही, तसाच मिठीत घेतला.

"अरे, ओरितोवहिनींचा शुंपेई ना तू! तुझ्या आईने माझं दुकान धुऊन नेलं की रे!"

"आईने?"

"मग? पहिल्याच दिवशी दार उघडायच्या आधी उभ्या. म्हणाल्या, माझ्या मुलाचा गेम दे. मी म्हटलं, वहिनी, दोन आहेत. हा लहान मशीनचा, हा मोठ्या मशीनचा. कुठला देऊ? त्यांनी दोन्ही डबे हातात घेतले, उलटेपालटे करून बघितले. लहान डबा स्वस्तातला, मोठा महागातला. म्हणाल्या, माझ्या मुलाचा आहे, लहान कशाला? मोठाच दे."

हामाओका खो खो हसला. शुंपेईही हसला, कारण अजून त्याच्या ध्यानात काहीच आलं नव्हतं.

"मग आळीत फिरणारी सूचनांची पाटी असते ना, कचरा कधी, गवत कधी कापायचं, त्यावर वहिनींनी लिहिलं: आमच्या शुंपेईचा गेम आलाय, मोठा डबा मागावा. झालं! एकाने घेतला तर शेजारी कसा मागे राहील? वरची आळी, खालची आळी, पलीकडची गावं. मी आपला मागवतोय, मागवतोय. दर रविवारी मी त्या मोजणीवाल्यांना आकडा कळवतो. या किनाऱ्यावर त्यांचं दुकान म्हणजे मीच एकटा. तर तोक्योहून माणसाचा फोन, की शून्य जास्त पडलंय का? मी म्हटलं, या आणि मोजून जा! रिकामं फडताळ मोजा!"

शुंपेईला आता उलगडा झाला. अख्ख्या किनाऱ्याच्या भाताचं शीत म्हणजे हामाओकाचं दुकान, आणि ते शीत त्याच्या आईने आपल्या हाताने शिजवलं होतं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. कारण शोधायला आलेल्या माणसाला बसमधून उतरल्या उतरल्या कारण मिळालं होतं. हसावं की रडावं, हे न कळून तो हामाओकाला पुन्हा एकदा वाकून बाहेर पडला.

यासुएबाई दारातच होत्या. त्याच्या हातातली पिशवी ओढून घेत म्हणाल्या, "किती वाळलास! तिकडे खायला देतात की नुसता गेमच?" आणि त्याने पायातले बूट काढायच्या आत शेजारच्या मोरिवाकी आजी कुंपणावरून डोकावल्या.

"आला का होडीवाला? अरे, तुझा डबा मी आमच्या ह्यांच्या देव्हाऱ्यात ठेवलाय बरं. रोज उदबत्ती दाखवते."

"आजी, तुम्ही खेळून बघितलात?"

"कशावर खेळू? तांदूळ शिजवायच्या कुकरवर?" आजी बोळकं उघडून हसल्या. "मशीन कुणाकडे आहे इथे? तुझ्या आईने सांगितलं, घ्या, म्हणून घेतला. बदल्यात माझ्या अख्ख्या वाफ्यातलं गवत काढून दिलंन. उन्हात गुडघे टेकून. नको नको म्हटलं तरी ऐकेल तर शपथ."

"इश्श, त्यात काय," यासुएबाई म्हणाल्या आणि त्याला आत घेऊन गेल्या.

शुंपेईला आता आईचे हात दिसले. नखांच्या कडेला काळी माती मुरलेली, एका बोटाला चिंधी. प्रत्येक घराची परतफेड तिने केली होती. कुणाचं गवत काढलं, कुणाला वाळवलेला माकूळ पोचवला, कुणाची आजारी सून सांभाळली. शिमानेच्या बायका कुणाचं घेतलेलं अंगावर ठेवत नाहीत, आणि त्यांत यासुएबाई तर पक्क्या.

वडिलांच्या फोटोसमोर काड्यांचे पाय खोचून घोडा केलेली काकडी होती, पितरांचं वाहन म्हणून. तिच्या शेजारी मोठा डबा, प्लास्टिकचं वेष्टण तसंच, धुळीचा कण नाही. डब्यावरच्या चित्रात होडी होती. धक्क्यावर एक बाई वाट बघत उभी होती. ती कुणावरून काढली होती, हेही त्याने आईला कधी सांगितलं नव्हतं.

"मी वेष्टण काढलं नाही," यासुएबाई म्हणाल्या. "खराब होईल. पण ही बाई कोण रे? अशी आशाळभूतासारखी उभी?"

"तू आहेस ती."

"चल! मी एवढी जाडी?" त्या म्हणाल्या खऱ्या, पण डबा उचलून त्यांनी कितीतरी वेळ पाहिला. मग कापडाने पुसून जागच्या जागी ठेवला. "तू म्हणालास ना, मला नाही कळायचं. खरंच आहे ते. पण मला वाटलं, विकत घेता तरी येतं की आपल्याला."

मी नुसतं एवढं म्हणालो असतो की लहान डबा, आई, लहान डबा, शुंपेईच्या मनात आलं. दोन शब्द. तेवढे दोन शब्द सांगायलासुद्धा आपण हिला लायक समजलो नाही. त्याला स्वतःची अशी चीड आली की तो उठून खिडकीशी गेला.

तेवढ्यात फोन वाजला. चिनात्सु होती.

"ओरितोसान, लागलं काही हाती? साहेब अजून तयार आहेत ऐकायला. एकच कारण द्या. काहीही."

कारण एका वाक्याचं होतं. ती खरेदी माझ्या आईची होती. एवढं म्हटलं की शिमानेचा आकडा केराच्या टोपलीत गेला असता, खिशातली होडी वाचली असती, चिनात्सु वाचली असती. पण साहेब खात्री केल्याशिवाय ऐकणाऱ्यातले नव्हते. ते हामाओकाला फोन करणार. हामाओकाच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. दिवे लागायच्या आत मोरिवाकी आजी कुंपणावरून विचारणार, काय गं यासुए, तुझ्यामुळेच बुडाला म्हणे शुंपेई? आणि आई, जिने दारोदार उन्हात गुडघे टेकले, ती उरलेला जन्म त्या एका डब्याकडे बघत काढणार.

यासुएबाई समोरच सातूचा थंड चहा ओतत होत्या. फोनवर ऑफिसचं कुणी आहे हे ओळखून त्या कान देऊन, श्वास रोखून थांबल्या होत्या.

"नाही," शुंपेई म्हणाला. "काही चूक नाही सापडली. इथल्या लोकांनी मनापासून घेतलाय गेम."

चिनात्सुला टोमणा सुचला नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"म्हणजे संपलं," ती म्हणाली. "होड्या आता नाही भेटायच्या कुणाच्या."

"मला माफ कर, चिनात्सु."

"तुम्ही कशाला माफी मागता? तुम्ही काय केलंत?" तिचा आवाज फुटला. "बरं, मी टेबल आवरायला घेते. फ्रिजवरची होडी तेवढी घरी नेते."

तिचा गुन्हेगार आपण आहोत आणि तिला ते कधी कळणार नाही, हे ओझं घेऊन शुंपेईने फोन ठेवला.

"कोण होतं?" यासुएबाईंनी लगेच विचारलं. "काय म्हणाले?"

"आपला गेम जिंकला, आई. मोठा डबा. शिमानेमुळे जिंकला म्हणाले. तुझ्यामुळेच."

यासुएबाईंनी चिंधी बांधलेला हात तोंडावर दाबला. मग त्या हसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. "बघ! आणि तू म्हणे तू काय करणार! पुढच्या वेळी जरा आधी सांग हं. डोंगराकडच्या गावांना या खेपेला मिळालेच नाहीत. पुढचा कधी?"

"बघू या."

"बघू या काय? काढ लवकर. गुडघे आहेत तोवर."

त्या देव्हाऱ्यासमोर बसल्या. उदबत्ती लावली, घंटेवर हलकेच टोला दिला आणि फोटोतल्या नवऱ्याला सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? पोचली बरं तुमची होडी."

शुंपेई त्यांच्या शेजारी जाऊन बसला. त्याने हात जोडले आणि मान खूप खाली घातली. आई उठून स्वयंपाकघरात गेली, फोडणी चरचरावी तसा तिचा आनंदाचा आवाज तिकडून येत राहिला, तरी त्याने मान वर केली नाही.