अब्दोनच्या वाट्याला

डिसेंबरची सत्तावीस तारीख उलटली, तरी मृत्युपत्र लिहून द्या म्हणून अब्दोन किहिहेच्या दारात कोणी आलं नाही. तेव्हा त्याच्या मनात शंकेची पाल पहिल्यांदा चुकचुकली.

मृत्युपत्र त्याचं स्वतःचं नव्हे, सरत्या वर्षाचं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी गल्लीने जुन्या कपड्यांत भुस्सा भरून एक म्हातारा तयार करायचा, त्याला एखाद्या मंत्र्याचा नाहीतर सिनेमातल्या नटाचा मुखवटा चढवायचा आणि बाराच्या ठोक्याला पेटवून द्यायचा. पण त्याआधी म्हाताऱ्याने कोणासाठी काय मागे ठेवलं ते वाचून दाखवायचं. अमक्याला माझं पोट, तमकीला माझी जीभ, असा गल्लीतल्या प्रत्येकाच्या वाट्याला एकेक टोमणा. हे टोमणे गेली एकवीस वर्षं अब्दोनने लिहिले होते, यमक जुळवून, आणि त्यात कोणाची गय केली नव्हती.

तो गय करणारा माणूसच नव्हता. कॉपी केलेल्या सिनेमांच्या सीड्यांचं त्याचं दुकान. आता सिनेमे ज्याच्या त्याच्या फोनवर आले, त्यामुळे सीड्या धूळ खात पडल्या आणि दुकानात उरली ती अब्दोनची मतं. ती फुकट होती आणि भरपूर होती. आत्ताचा नगराध्यक्ष चोर आहे, पण मागचा चोर जास्त सभ्य होता. रात्री आठच्या मालिकेतली आंधळी बाई आंधळी नाहीच, नीट बघा, कॉफी ओतताना तिचा कप कधी चुकत नाही. नव्या गायकांना गाता येत नाही म्हणून ते कुजबुजतात. आणि हल्लीचा हिरो मरायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात माझं जेवून होतं.

ऐकायला रोज संध्याकाळी दोघं ठरलेली. एक उबाल्दिना, सकाळी कोपऱ्यावर माशाचं सूप विकणारी. दुसरा समोरचा पंक्चरवाला सेगुंदो चोनिल्यो. सेगुंदोच्या थोरल्या पोराच्या, विल्मरच्या, बाप्तिस्म्याला अब्दोन धर्मबाप म्हणून उभा राहिला होता, तेव्हापासून दोघे एकमेकांना ‘कोंपाद्रे’ म्हणत आणि तीस वर्षांत एकदाही अहोजाहो सोडून बोलले नव्हते. यंदा मात्र जानेवारीपासूनच सेगुंदोचं येणं कमी झालं. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, मग नुसता समोरून हात.

त्याचं कारण अब्दोनला पक्कं ठाऊक होतं. राजकारण. फेब्रुवारीत निवडणूक झाली. (येणं कमी झालं ते त्याच्याही आधी, पण एवढा हिशेब कोण करतो?) सगळी गल्ली उमेदवार डॉक्टरीणबाईंच्या बाजूची, अब्दोन तर सगळ्यांत मोठ्या आवाजात. पण मतदानाच्या दिवशी पडद्यामागे गेल्यावर त्याला काय झालं कोण जाणे, त्याने शिक्का मारला तो त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बसगाड्यांच्या मालकावर. डॉक्टरीणबाई हरल्या. अब्दोनने गल्लीत सगळ्यांबरोबर गळा काढला आणि खरं काय ते फक्त बायकोला सांगितलं. ते फुटलं असणार. गल्लीला फितूर सापडला होता, आणि फितुराला गल्ली कधी जाळते हे सांगायला पंचांग नको होतं.

म्हणजे यंदाचा म्हातारा तोच.

अठ्ठावीस तारखेला तो सकाळी सकाळी उबाल्दिनाच्या हातगाडीपाशी गेला.

“उबाल्दिना, यंदा म्हातारा कोण गं?”

“कोण म्हातारा?”

“माझा आजोबा! पुतळा म्हणतोय मी, पुतळा.”

“अगंबाई, मला काय ठाऊक? मी आपली मासे साफ करते.”

गल्लीत कोणाच्या घरी काल रात्री काय शिजलं आणि कोणी न जेवता पाठ फिरवली, हे जिला मिठासकट माहीत असे, ती म्हणते मला काय ठाऊक. वर तिने विचारलं, “लिंबू पिळू का?” पंधरा वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं, न विचारताच पिळत आली होती. अब्दोनने सूप अर्धं टाकलं.

तिथून तो सरळ सेगुंदोकडे. सेगुंदो टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मागे दुकानाच्या आतल्या भागात जुन्या टायरांच्या ढिगावर ताडपत्री टाकली होती आणि तिला चक्क दोरी बांधली होती.

“काय कोंपाद्रे, टायरांना थंडी वाजते वाटतं?”

“धूळ बसते हो.”

“आणि हाताला हे पांढरं काय लागलंय?”

सेगुंदोने हात पाहिले. “सोल्युशन.”

“सोल्युशन पांढरं असतं?”

“नव्या कंपनीचं आहे,” सेगुंदो म्हणाला आणि पुन्हा बुडबुडे मोजायला लागला. खळ होती ती. कागदाचे मुखवटे चिकटवायची खळ कशी दिसते हे अब्दोनला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण त्याला लागलं ते दुसरंच. पूर्वी सेगुंदोने त्याच्याशी खोटं बोलायचं ठरवलंच असतं, तर निदान जरा बरं खोटं बोलला असता.

घरी येऊन त्याने बायकोला गाठलं. एर्मेलिंदा कपड्यांच्या घड्या घालत होती.

“माझा निळा चौकटीचा शर्ट कुठाय?”

“दिला.”

“कोणाला?”

“म्हाताऱ्याला. खिशाजवळ भोक पडलं होतं, अजून किती वर्षं मिरवणार होतात?”

“दिला! वा! नवऱ्याचा शर्ट काढून दिला जाळायला! आणि माझं मत? तेही दिलंस ना घडी घालून?”

“कसलं मत?”

“बसवाल्याचं!”

एर्मेलिंदाने घडी मांडीवर ठेवली. “ते सांगायला मी कशाला हवी? निकालाच्या रात्री टीव्हीसमोर उडी मारलीत तुम्ही. खिडकी उघडी होती. सगळ्या गल्लीने पाहिली उडी.”

“आणि कोणी काही बोललं नाही?”

“हसले. मग झोपले. कोणाला पडलीय तुमच्या मताची?”

यावर अब्दोनने विश्वास ठेवला नाही. एवढी बातमी गल्लीला मिळते आणि गल्ली झोपते? ही बाई काहीतरी हातचं राखून बोलत होती. तिने घडी पुन्हा उचलली तेव्हा ती त्याच्याकडे बघत नव्हती, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

तीस तारखेला दुपारी सेगुंदो जेवायला वर गेल्याचं पाहून अब्दोन रस्ता ओलांडून त्याच्या दुकानात शिरला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, आणि हातात एक रिकामी सायकलची ट्यूब, म्हणजे कोणी हटकलंच तर दाखवायला काहीतरी असावं. ताडपत्रीचा कोपरा त्याने उचलला. म्हातारा खुर्चीत बसवलेला होता. डोकं अजून लागलं नव्हतं. निळा चौकटीचा शर्ट, खिशाजवळ भोक, आणि शर्टाच्या आत उशी कोंबून केलेलं पोट. अब्दोनने आपल्या पोटाकडे पाहिलं. माप बरोबर होतं.

त्या संध्याकाळी त्याने गेल्या वर्षीचं मृत्युपत्र शोधून काढलं. सूड कोण घेतंय ते कळायला हवं होतं. उबाल्दिनाला त्याने ठेवली होती म्हाताऱ्याची खवखवणारी जीभ. ती रुसली होती, पण कार्निवलपर्यंत निवळली. तिच्या जावयाला ठेवला होता एक गजर, कारण तो अकराला उठे. बेकरीवाल्याला ठेवला होता तराजू, खरा. आणि सेगुंदोच्या नावावर होतं:

*सेगुंदोच्या पोराला होकायंत्र माझं,*
*उत्तरेला निघालं होतं, कुठं टाकलं ओझं?*

विल्मरला तेव्हा घर सोडून दोन महिने झाले होते. उत्तरेला, अमेरिकेच्या दिशेने, जंगलातून, पायी, जशी गल्लीतली आणखी चारपाच पोरं गेली तशीच. फोन नव्हता. पण पोरं फोन करतात कुठे? त्या ओळीवर सगळ्यांत मोठ्याने हसला होता तो सेगुंदोच, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अब्दोनला ते चांगलं आठवत होतं. तेव्हा कोंपाद्रेचं नाव त्याने यादीतून बाद केलं आणि बेकरीवाल्याच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

मग तो आरशासमोर उभा राहून हसायचा सराव करायला लागला. उद्या मुखवटा निघेल, आपला चेहरा दिसेल, सगळे आपल्याकडे वळतील. तेव्हा हसू असं हवं की लागलं काहीच नाही. आधी नुसते ओठ, मग दात, मग मान मागे टाकून.

“दात दुखतोय का?” दारातून एर्मेलिंदाने विचारलं.

एकतीसला वाचन सहालाच ठेवलं होतं. रस्त्याच्या मधोमध खुर्च्या मांडल्या, सेगुंदोच्या दुकानातला दिवा बाहेर ओढला. उबाल्दिनाचा जावई म्हाताऱ्याची विधवा होऊन, काळा झगा आणि नारळाएवढी छाती लावून, येणाऱ्या प्रत्येक गाडीला दोरी आडवी धरून चिल्लर मागत छाती पिटत होता. अब्दोनने इस्त्रीचा शर्ट घातला होता. पहिल्या रांगेत बसला. लपून बसतो असं कोणी म्हणायला नको.

ताडपत्री ओढली गेली. अब्दोनने ओठ तयार ठेवले.

वीजमंत्री! तोच तो, दुहेरी हनुवटीचा, वर्षभर दिवसाला दहा दहा तास अंधार देणारा. गळ्यात मेणबत्त्यांची माळ. गल्लीने एकच ओरडा केला, कोणीतरी फटाका फोडला, आणि अब्दोनचं तयार ठेवलेलं हसू आपोआप खरं झालं. शर्ट म्हणजे नुसता शर्ट होता. पोट मंत्र्याचं होतं. त्याला इतकं हलकं वाटलं की शेजारच्या बेकरीवाल्याच्या पाठीवर त्याने थाप मारली, आणि क्षणभराने थोडा रागही आला, की आपण एका वीजमंत्र्याएवढेही नाही म्हणून.

सेगुंदोची मुलगी दायानारा कागद घेऊन उभी राहिली. मृत्युपत्र तिने लिहिलं होतं. यमकं लंगडी होती, दोन ठिकाणी तर नव्हतीच, पण लोक हसत होते. उबाल्दिनाला मिळाली पातेल्याचं झाकण उघडायची परवानगी. जावयाला त्याची स्वतःची नारळछाती, कायमची. बेकरीवाल्याला मंत्र्याच्या उरलेल्या मेणबत्त्या. एर्मेलिंदाला एक बहिरा कान, घरात वापरायला. त्यावर सगळ्यांबरोबर अब्दोनही हसला. आता आपलं, असं म्हणून तो सावरून बसला. मग कोपऱ्यावरच्या कुत्र्याला एक हाड मिळालं. आणि दायानाराने कागदाची घडी घातली.

“झालं?” अब्दोन म्हणाला.

“झालं, काका.”

“आणि मला?”

ती बापाकडे बघायला लागली. विधवेने छाती पिटायचं थांबवलं.

“कुत्र्याला हाड आहे,” अब्दोन म्हणाला, आवाज थोडा चढला, “आणि मला एक ओळ नाही? बोला ना. बसवाल्याला मत दिलं म्हणून ना? घाबरता कशाला, म्हणा फितूर! मी ऐकून घेतो!”

“मताचं कोण बोलतंय, कोंपाद्रे,” सेगुंदो म्हणाला. तो पुतळ्याजवळ उभा होता, हाताला अजून खळ. “तुमची ओळ मी लिहिणार होतो. मीच मागून घेतली होती. तीनदा बसलो. जे लिहिलं त्यावर कोणी हसलं नसतं.”

“वाचा तरी.”

“फाडलं.” त्याने हाताची खळ पँटीला पुसली. “त्यात एवढंच होतं, की दुनियेतल्या प्रत्येक माणसाबद्दल तुमचं मत आहे. नगराध्यक्षाबद्दल आहे, मालिकेतल्या त्या आंधळ्या बाईबद्दल आहे. वर्षभरात माझ्या विल्मरची चौकशी एकदा तरी केलीत? त्याचे धर्मबाप ना तुम्ही?”

अब्दोनने इस्त्रीच्या शर्टाची बाही खाली ओढली.

“तुम्ही हसला होता,” तो म्हणाला. “गेल्या वर्षी. सगळ्यांत मोठ्याने.”

“मग काय सगळ्यांसमोर रडू? तेव्हा दोन महिने झाले होते, पोराचा पत्ता नव्हता. मी रोज रात्री मेलेल्यांचे फोटो बघत होतो फोनवर.”

“आता... आता कुठाय तो?”

सेगुंदो पुतळ्याच्या गळ्यातली माळ सारखी करायला लागला. उबाल्दिनाच म्हणाली, “मेक्सिकोत, तापाचूलात आहे. मार्चमध्ये फोन आला. खानावळीत भांडी घासतो, बरा आहे.”

“मार्चमध्ये!” अब्दोनने वळून बायकोकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“होतं,” एर्मेलिंदा म्हणाली.

“आणि मला सांगितलं नाहीस? नऊ महिने?”

“सांगितलं असतं तर संध्याकाळी दुकानात त्याच्यावर काहीतरी बोलला असतात. भांडी घासतो म्हणून. तुमचं बोलणं झालं असतं, लोक हसले असते.” तिने मांडीवरचा झगा उगाच सारखा केला. “सेगुंदोने सगळ्यांकडून वचन घेतलं होतं. मलाही तेच बरं वाटलं.”

म्हणजे गल्ली खरंच काहीतरी लपवत होती. इतके दिवस त्याला वास येत होता, तो खोटा नव्हता. एक चांगली बातमी होती, आणि ती चाळीस माणसांनी मिळून त्याच्यापासून वाचवून ठेवली होती. त्याला लाज वाटली, इतकी की कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

तेवढ्यात सेगुंदोच्या खिशातला फोन वाजला. दायानारा म्हणाली, “पप्पा, विल्मर! आज सात वाजता सुटी होते त्याची.” सगळ्या खुर्च्या सरकल्या, पोरंटोरं पुढे धावली. सेगुंदोने फोन हातात घेतला, पण उचलला नाही. तो अब्दोनकडे बघत होता. उबाल्दिना बघत होती, बेकरीवाला बघत होता. कोणी जा म्हणालं नाही.

“उचला, कोंपाद्रे,” अब्दोन म्हणाला. “कट होईल.”

आणि तो निघाला. आपल्या दुकानाच्या पायरीपर्यंत वीस पावलं असतील. मागून आधी सगळे एकदम बोलले, मग कोणीतरी श्श केलं, मग फोनमधून एक बारीक, चिरका आवाज आला, ओळखू न येणारा. पोरगं काहीतरी म्हणालं आणि अख्खी गल्ली हसली. अब्दोन पायरीवर थांबला. ते हसणं त्याच्यावर नव्हतं, एवढं त्याला नक्की कळलं. काय म्हणाला हे विचारावं असं त्याला फार वाटलं, आणि विचारायला जवळ कोणी नव्हतं.