मोकळं टोक

त्या दिवशी सकाळी बाबा नेहमीसारखे तिच्या खुर्चीमागे स्टूल ओढून बसले होते आणि ती नेहमीसारखी वैतागली होती.

पाणीपुरवठा खात्यासाठी ती घरूनच पाइपांच्या जाळ्याचे नकाशे तपासायची. पाइप, व्हॉल्व्ह, जोड, सगळं पडद्यावर रेघांत. प्रत्येक रेघेची दोन्ही टोकं कशाला ना कशाला जोडलेली हवीत. एखादं मोकळं राहिलं, तर तपासणीत लाल ठिपका उमटायचा आणि काम मुख्य नकाशात जतन व्हायचं नाही.

"एवढ्या निळ्या रेघा, आणि आपल्या नळाला करंगळीएवढी धार!" बाबा म्हणाले. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला. नकाशा दिसला की तोंडाला कुलूप लागायचं नाही. "आपलं घर कुठंय यात?"

"घरं नसतात यात, बाबा. फक्त मोठे पाइप."

"म्हणजे बस आहे, पण थांबा नाही. वा गं तुमचं खातं!"

पिच्छा सुटावा म्हणून तिनं गल्लीतल्या पाइपापासून घराच्या दिशेनं बोटभर रेघ ओढली. "हे घ्या तुमचं घर. आता जरा काम करू द्या."

जतन करण्याआधी ती पुसायचीच होती. बाबा खूश होऊन आडवे व्हायला गेले. दुपारी तिनं चहाला हाक मारली, तेव्हा ते उठले नाहीत.

दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगल्यावर खात्यातल्या साहेबांचा फोन आला. "ताई, घाई करवत नाही, पण नकाशाचा तो तुकडा तुमच्या नावावर अडकलाय. तुम्ही जतन केल्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावता येत नाही. गळती शोधणारी माणसं खोळंबलीत."

"आजच करते."

अंग आंबून गेलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तेच ते सांगून जीभसुद्धा दमली होती. तिनं तपासणी लावली. एक व्हॉल्व्ह पाइपापासून केसभर बाजूला पडला होता, तो सरकवला. जोड सुटलेले दोन पाइप जुळवले. शेवटी एकच ठिपका उरला. तिनं नकाशा मोठा केला. बाबांची रेघ.

चूक तशीच ठेवायची सोय होती. तिनं 'अपवाद' निवडलं. चौकट उघडली: कारण लिहा. काय लिहायचं? मग तिला वाटलं, ही रेघ राहिली तर उद्या कुणीतरी भर उन्हात, नसलेल्या पाइपासाठी दारासमोर खणत बसेल.

तिनं रेघ पुसली. ठिपका गेला. काम जतन झालं.

"झालं का गं?" असं कुणी विचारलं नाही. घरात पंख्याचा तेवढा आवाज होता.

"बाबा," पडद्यावरची नजर न हलवता ती मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही मागे बसून बडबडायचात ना, ते मला आवडायचं हो."