पालथे तांबे

रेवदंड्याचा पूल उतरल्यावर हेतलने तिसऱ्यांदा सायकल थांबवली आणि मागच्या चाकावर अंगठा दाबून पाहिला. चाक टणक होतं. आधी दोन्ही वेळीही ते टणकच होतं. पण चाकाचं निमित्त केलं की पाच मिनिटं जातात, आणि हेतलला आजचा दिवस असाच पाच-पाच मिनिटांनी लांबवायचा होता.

रुचिका पुढे जाऊन सावलीत एक पाय टेकून उभी राहिली. डेन्मार्कला नऊ वर्षं नर्सचं काम करून तिला समोरच्याला हवा तेवढा वेळ द्यायची सवय लागली होती. एरवी हेतलला तिचं हे शांत राहणं आवडायचं, आज मात्र ते तिच्या डोक्यात जात होतं.

किहीमहून निघून चार दिवसांत श्रीवर्धन गाठायचं, वाटेत तंबू ठोकून राहायचं, असं ठरलं होतं. मधे, मुरूडच्या अलीकडे, रुचिकाचा कोळीवाडा लागत होता, आणि खरं सांगायचं तर सगळी सहल तिथल्या एका दारासाठी होती. हेतल आणि तिचा नवरा राहुल नागावला तीन खोल्यांचं होमस्टे चालवायचे; तिथून गाडीने दोन तासांचा रस्ता. राहुलने गाडी पुसूनही ठेवली होती. रुचिकाच नको म्हणाली. दोन तासांत आयशी, म्हणजे आईशी, काय बोलायचं ते सुचायचं नाही, असं तिचं म्हणणं.

दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. दीड वर्षापूर्वी रुचिकाने हट्टाने हेतलला डेन्मार्कला बोलावून घेतलं होतं, आणि आठ दिवस त्या एका बेटावरून दुसऱ्या बेटावर सायकलने हिंडल्या. संध्याकाळी गवतात तंबू लावायचा, छोट्या शेगडीवर भात शिजवायचा आणि नऊ-दहापर्यंत न मावळणाऱ्या उन्हाला नावं ठेवायची. तिसऱ्या दिवशी हेतलने फर्मान काढलं की दोन दिवस फोन बंद. गिऱ्हाइकांच्या कटकटीतून तिला सुटायचं होतं, एवढंच. नेमके त्याच दोन दिवसांत इकडे रुचिकाचे बाबा हरेश्वर बोटीवरून उतरता उतरता कोसळले आणि गेले. फोन चालू केला तेव्हा सदतीस कॉल येऊन पडले होते आणि बाबांना अग्नी देऊन झाला होता. रुचिकाने घरी फोन लावला. आय, म्हणजे येसूबाई, एवढंच म्हणाली, की आता कशाला येतेस. त्यानंतर तिने लेकीचा फोन उचलला नाही.

हेतलला ते दोन दिवस काही केल्या पचेनात. दिवाळीनंतर तिने रुचिकाला फोन करून सांगितलं, आय तुझी वाट बघते, तू ये. रुचिका तिकीट काढते म्हणाली.

हे धडधडीत खोटं होतं. हेतल तीनदा येसूबाईकडे जाऊन आली होती. तिसऱ्यांदा, तिकीट निघाल्यावर, तिने मन घट्ट करून सांगून टाकलं, की फोन बंद ठेवायचं मीच म्हटलं होतं, तुमच्या लेकीचा दोष नाही. येसूबाई ओले बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, हात कसे यंत्रासारखे चालले होते. हेतलने दोघी सायकलवरून येणार तो दिवसही सांगितला. येसूबाईने उरलेली टोपली रिकामी केली, मग म्हणाली:

"माज्या दारान सायकल नको."

दाराशी दगडावर एक हंडा पालथा पडला होता, त्याच्या बुडाला कोळिष्टक धरलं होतं. हेतल त्याच्याकडे बघत बघत परत फिरली.

आता उद्या सकाळी त्या दारात रुचिका उभी राहणार आणि आय तिला आल्या पावली परत पाठवणार. सात समुद्रांपलीकडून बोलावून आणलं कुणी, तर हेतलने. कोर्लई गेलं, बोर्ली गेली, काशीदच्या चढावर दोघींनी सायकली हाताने ढकलल्या.

उन्हं कलली तेव्हा त्यांनी सुरूच्या बनात तंबू लावायला घेतला. रुचिका खुंटे ठोकत होती. हेतलने दोरी धरली, सोडली, पुन्हा धरली.

"रुचे, मला एक सांगायचंय."

"तो खुंटा दे आधी."

हेतलने खुंटा दिला आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. आय वाट बघते हे माझ्या मनचं. आय सायकलसुद्धा दारात नको म्हणाली. उद्या सकाळी आपण थेट पुढे जाऊ, आगरदांड्याहून फेरीबोट पकडू, तू हवं तर माझ्याशी बोलू नकोस.

रुचिकाने खुंटा पुरता ठोकला.

"मला म्हायती होतं."

"कसं?"

"आमच्या घरान वाट बघते असं कोन बोलत न्हाय गो. मानूस दर्यावर असताना तर न्हायच. तसं बोललं का बोट मागं पडते." ती वाळूत बसली. "बाबांची बोट यायची, तेव्हा आय नुसता हंडा भरून ठेवायची दारात. बोटीवर जेवढी मानसं, तेवढे तांबे वर पालथे. पाय धुवायचे, खारं पानी घरान न्यायचं न्हाय. तोंडानं काय बोलायची न्हाय. तू शेतावरल्या आगऱ्याची पोर, तुला कसं ठावं असनार?"

"मग आलीस कशाला?"

रुचिकाने पायाला चिकटलेली वाळू झटकली.

"कुनीतरी ये म्हटलं ना."

हेतलला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही. रुचिकाने शेगडी पेटवली, भात ठेवला.

सकाळी नऊच्या सुमारास त्या कोळीवाड्यात शिरल्या. दोरीवर बोंबील लोंबत होते, हवेला त्यांचा वास होता. रुचिकाने घर दिसायच्या आधीच सायकल थांबवली आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका होडीला टेकवली. हेतलनेही आपली तिच्याशेजारी उभी केली. उरलेलं अंतर त्या चालत गेल्या. एवढासा रस्ता, पण हेतलला तो सगळ्या सहलीपेक्षा लांब वाटला.

दाराला कुलूप होतं.

शेजारची पूनम टोपलीत जवळा निवडत होती. तिने रुचिकाला ओळखलं, हातातलं काम सोडून उभी राहिली. येसूकाकी पहाटेच म्हावरं घेऊन मुरूडच्या बाजारात गेली, दुपारपर्यंत येईल, असं तिने सांगितलं. आज जायचा तिचा दिवस नव्हता, हेही सांगितलं.

हेतलने मान खाली घातली. म्हणजे तोंडही बघायचं नाही म्हणून बाई उठून गेली. आता रुचिकाला काय सांगायचं याची ती मनात जुळवाजुळव करू लागली, पण रुचिका कुलपाकडे बघतच नव्हती.

दगडावर हंडा सुलटा ठेवला होता. चिंचेने घासून लख्ख केलेला, गळ्यापर्यंत पाण्याने भरलेला. त्यावर फळी होती आणि फळीवर तांबे पालथे घातले होते.

रुचिका दगडापाशी बसली. एक तांब्या उचलून तिने हंड्यात बुडवला, बूट-मोजे काढले आणि सावकाश पायांवर पाणी ओतलं. दोन्ही टाचांमागून हात फिरवला, जसं लहान मुलाचे पाय धुवावेत तसं. मग ती तशीच ओल्या पायांनी उंबऱ्याला टेकून बसली, दुपारपर्यंत बसायची तयारी असल्यासारखी.

"हेतल, ये."

"मी कशाला? मी थांबते बाहेर."

रुचिकाने फळीवरचा दुसरा तांब्या सुलटा केला, भरला आणि तिच्यापुढे धरला.

"दोन ठेवलेत," ती म्हणाली.

हेतल खाली वाकून बुटाची नाडी सोडवू लागली, पण तिला गाठ दिसेना.