घासलेली शेवंड

टबात शेवंड होती. अंडी नव्हती.

काल संध्याकाळी ही लॉबस्टर पिंजऱ्यात आली तेव्हा होती. नारिंगी, गच्च घोस, शेपटीखाली चिकटलेला. आता पोट लख्ख. बाजूला कपडे धुवायचा ब्रश, आणि ब्रशच्या केसांत नारिंगी ठिपके.

"काय घाण चिकटली होती तिला!" बायकोची मावशी हात पुसत म्हणाली. मावशी पाहुणी म्हणून आली होती आणि आल्यापासून घरातली एकही वस्तू तिच्या घासण्यातून सुटली नव्हती.

"मावशी, ती अंडी होती," तो म्हणाला.

"अगं बाई! मग आता?"

मग आता.

बंदरावर त्याला कायदेबुवा म्हणायचे. कायदा सरकारचा नव्हता, त्याचाच. शेवंडांचे पिंजरे रिकामे यायला लागले तेव्हा घरोघरी फिरून, कोणाच्या हातापाया पडून, कोणाशी भांडून त्याने सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं. अंडीवाली मादी विकायची नाही. शेपटीच्या पंख्याला चिमट्याने खाच मारायची आणि सोडायची. खाच दिसली की पुढेही तिला कोणी ठेवायची नाही, पोट रिकामं असलं तरी. आणि अंडी घासून काढलेली मादी कोणाकडे सापडली, तर त्याचे पिंजरे हंगामभर किनाऱ्यावर. कारण ऐकून घ्यायचं नाही. हे शेवटचं त्याने हट्टाने घातलं होतं.

गेल्या हंगामात पहिला सापडला तो त्याचा सख्खा मेहुणा. "टोपलीत एकमेकींवर घासल्या, दाजी, आईशप्पथ," तो सांगत होता. दाजी हसले. भर धक्क्यावर. आणि मेहुण्याचे पिंजरे काढायला लावले.

चिमटा सगळ्यांत मिळून एकच, या बोटीवरून त्या बोटीवर फिरणारा. काल नेमका मेहुण्याकडे. दुसऱ्या कोणी मादी तशीच पाण्यात टाकून हात झटकले असते. पण बिनखाचेची सोडायची कशी? म्हणून रात्रभर टबात.

तो अंगणात येरझारा घालू लागला.

असं सांगावं: सापडली तेव्हाच पोट रिकामं होतं.

(मग ब्रशने कशाला घासलंस? ओरखडे दिसतात.)

असं: कोणीतरी दुसऱ्याने घासून पाण्यात टाकली होती.

(कोणी? नाव घे.)

असं: मावशीने.

(हे तर टोपलीपेक्षा भारी. हे ऐकून तो स्वतःच पोट धरून हसला असता.)

असं: काहीच सांगू नये.

"गपचूप सोडून या ना," बायको दारातून म्हणाली. "तुम्ही थोडेच बसला होता घासत?"

"आणि खाच?"

"खाचेचं काय घेऊन बसलात! पिंजरे गेले तर हंगामभर खायचं काय? खाच?"

त्याने टब उचलला. पाणी पायांवर हिंदकळलं. धक्क्याच्या टोकाशी कोणी नव्हतं. वाकला. टब कलता केला.

अंडी नाहीत, खाच नाही. उद्या कोणाच्याही पिंजऱ्यात येईल आणि तो बिचारा राजरोस विकेल. पुढच्या खेपेची अंडीही गेली.

टब सरळ केला. पुन्हा कलता. पुन्हा सरळ.

तो टब घेऊन मेहुण्याच्या बोटीशी गेला तेव्हा मेहुणा दोर गुंडाळत होता. मेहुण्याने शेवंड उलटी धरली आणि पोटावरून अंगठा फिरवला.

"कोणी घासली?"

"मावशीने."

"कोणत्या मावशीने?"

"तुझ्याच. घरी आलीय."

मेहुण्याचा चेहरा आधी दगड, मग तोंड वाकडं, मग तो जो हसत सुटला तो बोटीच्या काठावर बसला. "दाजी, लहानपणी आमची कोंबडी धुतली होती तिने. जिवंत. साबणाने." डोळे पुसले. "पटलं. शंभर टक्के पटलं."

त्याचा जीव भांड्यात पडला. मेहुण्याने चिमटा काढला, पंख्याला कच्चकन खाच मारली, शेवंड पाण्यात सोडली. ती मागे मागे सरकत खाली गेली.

"चला मग," मेहुणा म्हणाला.

"कुठे?"

"पिंजरे काढायला. तुमचे."

"अरे, पटलं म्हणालास ना?"

"पटलंच. पण कारण ऐकून घ्यायचं नाही, असं कोण म्हणालं होतं?"

तो उभाच राहिला. भांडता आलं असतं. बायकोच्या नावाने गळही घालता आली असती. मेहुण्याने इंजिन चालू केलं आणि त्याच्याकडे न बघता थोडं सरकून जागा केली.

पहिल्या पिंजऱ्याच्या खुणेचा तरंगता डबा आला. दोर ओला, जड. दोघे ओढू लागले.

"तेव्हा त्या टोपलीत," त्याने धापा टाकत विचारलं, "खरंच घासल्या होत्या का रे?"

मेहुण्याने दोराला हिसका दिला.

"ओढा, दाजी."