आत बायका आहेत

सनीयानं नणंदेच्या हातातला पेला काढून घेतला आणि त्यातलं झमझमचं पाणी स्वतःच घटाघटा पिऊन टाकलं.

"अगं, भावासाठी मक्केहून आलेलं आणलं होतं मी!" तफीदा ओरडली. "पवित्र पाण्यानं कधी कुणाचं वाईट झालंय?"

"पाणी पवित्रच आहे, वन्सं. यांच्या घशात ते रस्ता चुकतं."

दवाखान्यातल्या खाटेवरून सनीयाचे यजमान, हज करून आलेले हाज बद्री, दोघींकडे बघत होते. मेंदूत रक्तस्राव होऊन बारा दिवस झाले होते. उजवं अंग लुळं, बोलणं गेलेलं, नाकात नळी. त्याच दिवशी, तेवढ्याच रक्तस्रावानं शेजारच्या खाटेवर आलेला गवंडी जिर्गिस मात्र पाचव्या दिवसापासून पाव बुडवून मसुराचं सार ओरपत होता. सनीयाला त्याचा राग यायचा, आणि राग आला म्हणून स्वतःची लाजही वाटायची.

डॉक्टर मरवानं तिला सकाळीच समजावलं होतं.

"जिर्गिस चौतीसचा आहे, हाज्जा. घास आडवा गेला तर खोकून बाहेर फेकतो. हाज अठ्ठ्याहत्तरचे. या वयात खोकल्यातला जोरच जातो. थेंब फुफ्फुसात उतरतो आणि साधा ठसका लागत नाही. एक न्यूमोनिया होऊन गेला, दुसरा त्यांना झेपायचा नाही. गुरुवारपर्यंत नीट खोकले नाहीत, तर पोटातून नळी बसवावी लागेल."

"मग तोंडानं खाणं?"

"जिर्गिसला बसवली असती, तर पुढं सुटली असती. या वयात फार थोड्यांची सुटते."

आज मंगळवार. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज "खोका, हाज, खोका!" करून थकायची. ते आज्ञाधारकपणे तोंड उघडायचे आणि फाटक्या भात्यातून निघावी तशी नुसती हवा बाहेर यायची.

"आणि एके काळी," तफीदा डोळे पुसत म्हणाली, "हा दारात खाकरला की अख्ख्या गल्लीतल्या बायका ओढण्या सावरायच्या. माझे सासरे विचारायचे, तुझा भाऊ आलाय की रेल्वे?"

सनीयानं पेला खाली ठेवला. अठ्ठेचाळीस वर्षांत हा माणूस स्वतःच्या घरातसुद्धा खाकरल्याशिवाय शिरला नव्हता. आत एखादी शेजारीण बसलेली असेल म्हणून. खोका म्हणून त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"वन्सं, हात लावा. खुर्चीत बसवू यांना."

"कुठं नेतेस?"

"बायकांच्या वॉर्डात."

"डोकं फिरलं का तुझं? परक्या बायकांत? जीव गेला तरी असा शिरायचा नाही तो!"

"तेच तर," सनीया म्हणाली.

चाकं करकरत निघाली. व्हरांड्याच्या टोकाला रखवालदार आडवा आला.

"हाज्जा, पुरुषांना तिकडं बंदी आहे."

"मला काय सांगतोस? यांना सांग," ती म्हणाली आणि थांबली नाही.

वॉर्डाचं दार अर्धवट उघडं होतं. आतून बायकांचं खिदळणं ऐकू येत होतं.  आपलं चुकलं तर लाजही गेली आणि गुरुवारही गेला. सनीयानं खुर्ची सरळ उंबऱ्याशी लोटली.

हाज बद्रींचा डावा हात दाराच्या चौकटीवर गच्च बसला. मान खाली गेली. चेहरा लाल झाला. आणि पोटातून, दोनदा, ते असे खाकरले की व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली.

आतलं हसणं थांबलं.

"थांबा हं भाऊ, आत बायका आहेत!" कुणीतरी ओरडलं. खाटा कुरकुरल्या.

डॉक्टर मरवा आतच होती. स्वतःची ओढणी सारखी करत ती तरातरा दाराशी आली.

"या वेळी कुठला पुरुष..." एवढंच म्हणाली. समोर खुर्ची होती. हाज बद्री जमिनीकडे नजर लावून परवानगीची वाट बघत होते.

 मरवा हळूच खाली वाकली.

"हाज, पुन्हा एकदा?"

त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा.

"आता कशाला खोकतील?" सनीयानं खुर्ची वळवली. "आत कळलंय ना सगळ्यांना. तुम्ही दार लावून घ्या, डॉक्टर. आम्ही मागं जाऊन पुन्हा नव्यानं दाराशी येतो."